बापूंची कबुली

देवासचे बापू मुळ्ये लेकीचं बाळंतपण करायला कॅनडाला निघाले, तेव्हा गल्लीतल्या बायका आधी हसल्या आणि मग एकेक करून डबे घेऊन आल्या. कुणी बाळंतशेपा दिल्या, कुणी घरचं तूप दिलं, कुणी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवून दिली. पुरुषांनी मात्र ओट्यावर बसून तोंडसुख घेतलं. "काय बापू, आता जापा करणार का तुम्ही? मास्तरकीने पोट नाही भरलं?" बापू रागावले नाहीत. त्यांना शिकायचं पुष्कळ बाकी होतं आणि दिवस भरत आले होते.

बापूंचं खरं नाव शालिग्राम. पणजोबा संस्थानच्या काळात साताऱ्याकडून धारला कारकून म्हणून आले आणि माळव्याचेच होऊन गेले. बापूंनी जन्मभर सरकारी शाळांत गणित शिकवलं, आधी सतवासला, मग हाटपिपल्याला, शेवटी देवासला. लेक देवश्री पाचवीत असताना तिची आई नलिनी काविळीने गेली. तेव्हापासून वेणी घालण्यापासून हळदीकुंकवाला पाठवण्यापर्यंत सगळं बापूंनीच केलं. वेण्या वाकड्या यायच्या. शाळेत पोरी हसायच्या, तरी देवश्रीने दुसऱ्या कुणाकडून कधी वेणी घालून घेतली नाही. अडलंनडलं तर धारहून बापूंची थोरली बहीण ताई बसने यायची, चार दिवस राहायची आणि भावाला चार शब्द सुनावून परत जायची.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आईविना पोरीचं माहेर म्हणजे बापूच. आणि देवश्रीला तर माहेरी येता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचं एक मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी विमानाला साफ मनाई केली. ते पहिलं मूल गेलं, तेव्हा तिने बापूंना कळवलंही नव्हतं. नवरा श्रेयस आधीच खचलेला, त्याच्यासमोर रडायचं नाही म्हणून ती न्हाणीघराचा नळ सोडून रडायची. हे बापूंना कळलं कितीतरी महिन्यांनी, तेही बोलता बोलता. त्या दिवशी बापू जेवले नाहीत. देवासला बसून आपण रोज तिला "जेवलीस का" विचारत होतो आणि ती रोज "हो" म्हणत होती, ही गोष्ट त्यांना फार लागली.

म्हणून पुन्हा दिवस राहिल्याचं कळताच ते फोनवर म्हणाले, "या वेळी मी येतो. काय दुखायचं, खुपायचं, रडायचं ते माझ्यासमोर."

"नक्की या हं बापू," देवश्री म्हणाली. "मला दुसरं कुणी नको."

झालं. ताईने धारहून येऊन तालीम सुरू केली. डिंक तुपात कसा फुलवायचा, अळिवाची खीर कधी द्यायची, ओव्याची धुरी किती वेळ. शेजारच्या मोहल्ल्यातली नर्मदाबाई, जिच्या हाताने अर्ध्या देवासचं बालपण चोळून निघालं होतं, ती तेल लावायला शिकवायला आली. पाटावर पाय पसरून बसायचं, पोटऱ्यांवर मूल घ्यायचं. मूल कुठून आणणार? उशीला झबलं घातलं. बापूंनी उशी अशी काही मळली की नर्मदाबाईने कपाळाला हात लावला. "यो आटो नी है मास्साब, नानो है!" नानो म्हणजे तान्हं मूल. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. पण महिनाभरात बापूंचा हात बसला. मग नर्मदाबाईने आपली खरीखुरी नात त्यांच्या पायांवर दिली. ती आंघोळ होईपर्यंत न रडता झोपून गेली आणि बापूंचे डोळे भरून आले.

आता मध्येच एक जुनं प्रकरण सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

धारजवळ नालछ्याच्या रस्त्यावर एक लहानसा महादेव आहे. त्याची शिवरात्रीची पूजा मुळ्यांच्या घराण्याकडे पणजोबांपासून चालत आलेली. रीत अशी की, पूजा आटोपली की ठंडाईचा पहिला पेला देवाला दाखवायचा आणि तो पूजा करणाऱ्याने संपवायचा. त्याशिवाय बाकीच्यांना प्रसाद मिळत नाही. ठंडाईत भांग असते. माळव्यात शिवरात्रीच्या भांगेला कुणी नशा म्हणत नाही. बापूंनी उभ्या जन्मात दारूच्या बाटलीला हात लावला नव्हता, पण हा पेला दरवर्षी घेतला. आधी ते पूजेनंतर तिथेच पडवीत आडवे व्हायचे. चार वर्षांपूर्वी ताईला बरं नव्हतं, म्हणून घाईने स्कूटर काढून धारकडे निघाले. शहराच्या तोंडाशी पोलिसांनी लोखंडी कठडे लावले होते. बापूंना ते दिसले, पण ते फार लांब आहेत असं वाटलं. स्कूटर कठड्यावर गेली, कठडा बोरं विकणाऱ्या बाईच्या टोपलीवर. कुणाला खरचटलंही नाही. रस्ताभर बोरं झाली आणि बापू मधोमध बसून ती गोळा करत बाईची हात जोडून माफी मागू लागले. शिपायाने तोंड हुंगून पाहिलं, दारूचा वास नाही. डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने डोळे बघून नशेत असल्याचं लिहून दिलं.

कोर्टाच्या आवारात वकील म्हणाला, "मास्साब, केस लढोगे तो बरसों चक्कर काटोगे. हाथ जोड के कबूल कर लो, जुर्माना भरो, घर जाओ. सब येईच करते हैं." आणि खरोखर सगळे हेच करतात. बापूंनी कबूल केलं. न्यायाधीशांनी वरही बघितलं नाही. दुपारच्या जेवणाला बापू ताईच्या घरी पाटावर होते. छातीवरचं दडपण गेलं, गोष्ट संपली, असं त्यांना वाटलं. उरली ती घरातली चेष्टा. दर शिवरात्रीला ताई विचारायची, "बापू, या वर्षी बोरं आणणार का?" आणि बापू मुकाट्याने बसने जायचे.

व्हिसाचे अर्ज भरून देणारा माणूस म्हणजे चिंटू भिया. चाळिशी उलटली तरी देवासात तो चिंटूच राहिला. आग्रा रोडवर त्याचं दुकान, भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची चित्रं. तो प्रश्न वाचायचा, बापू उत्तर द्यायचे, तो टकटक करत पुढे जायचा.

"कोई केस-वेस तो नी है ना बापू?"

बापूंनी प्रामाणिकपणे बोरांची गोष्ट सांगायला घेतली. चिंटू पोट धरून हसला. "अरे क्या बापू, वो भी कोई केस है? भोलेनाथ का परसाद था!" आणि त्याने 'नाही'वर खूण केली.

बापूंना ते दिसलं. तोंडाशी शब्दही आले. पण मग त्यांनी विचार केला, दंड भरला, पावती मिळाली, मिटलेली गोष्ट उकरायची कशाला? जन्मभर पोरांच्या वह्यांत उणे-अधिकची खूण हुकली तर लाल रेघ ओढणारा माणूस, पण त्या दिवशी गप्प बसला. व्हिसा आला. चिंटूने पेढे घेतले.

विमान इंदूरहून दिल्लीला, दिल्लीहून टोरोंटोला. थंडीचे दिवस. रात्रभर बापूंनी ताईची सूचनावली मनात घोकली. उतरल्यावर पासपोर्ट बघणाऱ्या तरुणाने विचारलं, कशासाठी आलात? बापूंनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की मुलीला मूल होणार आहे, मी तिची आणि बाळाची सगळी काळजी घेणार आहे. एकटा म्हातारा पुरुष, बायको बरोबर नाही, सामानात पावडरी, बिया, डिंक. त्या बिचाऱ्याला काहीच उलगडेना. त्याने बापूंना बाजूच्या खोलीत बसवलं.

तिथे एक वयस्क अधिकारी होती. तिने फोन लावून हिंदी बोलणारी दुभाषी बाई जोडून दिली. प्रश्न साधे होते. कुठे राहणार, किती दिवस, खर्च कोण करणार. बापूंची उत्तरं पाठ होती. अधिकारी बाईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तिने शिक्का जवळ ओढला सुद्धा. मग शेवटचा, सगळ्यांना विचारतात तो प्रश्न आला. फोनमधून आवाज आला, "अंकल जी, किसी भी देश में, किसी अदालत ने आपको कभी दोषी ठहराया है?"

त्या भिंतीपलीकडे देवश्री उभी होती. श्रेयसने खुर्ची आणून दिली तरी बसत नव्हती. थोड्या वेळापूर्वीच तिचा निरोप आला होता, "बापू, मी दारासमोरच उभी आहे, बाहेर आलात की लगेच दिसेन." बापूंना घाई झाली होती. आणि घाई झालेल्या बापूंना धारचं कोर्ट आठवलं. वकिलाने सांगितलं होतं, कबूल केलं की सुटतो. नाही म्हटलं तर लांबतं. त्यांना वाटलं, इथेही तसंच असणार. हो म्हणून टाकावं, दंड असेल तो भरावा आणि दाराबाहेर पडावं.

"हां जी," ते म्हणाले. "एक बार. शिवरात्रि की भांग थी. स्कूटर टकरा गई. मैंने कबूल कर लिया था. यहाँ भी जो जुर्माना हो, मैं अभी भर देता हूँ."

 दुभाषी बाईने ते इंग्रजीत सांगितलं. अधिकारी बाईने शिक्का बाजूला ठेवला.

त्यानंतर तिने जे सांगितलं ते ती फार हळू, समजावून सांगत होती, आणि तरी बापूंना दोनदा विचारावं लागलं. नशेत गाडी चालवणं हा तिच्या देशात मोठा गुन्हा धरतात. तो कुठे घडला, दंड किती होता, याने फरक पडत नाही. शिक्षा भोगून पाच वर्षं झाल्यावर अर्ज करता येतो, त्यांची अजून चारच झाली होती. आणि अर्जात 'नाही' लिहिलं होतं, ते आणखी वाईट. खोटी माहिती दिल्याचा ठपका आला तर पुढची पाच वर्षं दार बंद. ती एवढंच करू शकत होती, की त्यांनी स्वतःहून प्रवेशाची विनंती मागे घेतली असं लिहायचं आणि पुढच्या विमानाने परत पाठवायचं.

"माझी मुलगी बाहेर उभी आहे," बापू म्हणाले. मराठीतच म्हणाले.

अधिकारी बाईने त्यांना फोन करू दिला. माणूस वाईट नव्हती. देवश्रीने पहिल्या घंटीला उचलला. "बापू, कुठे आहात? बॅगा आल्या नाहीत का?"

बापूंनी सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांना नंतर आठवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"कुणालाही कळलं नसतं, बापू."

"हो ग."

"इथे, एवढ्या जवळ येऊन?" आणि तिने फोन श्रेयसच्या हातात दिला.

परतीच्या विमानात शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "अंकल, घूम आए कनाडा?" बापू हो म्हणाले.

देवासात बातमी बापूंच्या आधी पोचली होती. आणि गंमत बघा, ज्यांनी बाळंतपणावरून टवाळी केली होती, तेच आता ओट्यावरून उठून नमस्कार करायला लागले. सातासमुद्रापार जाऊनही बापू खोटं बोलले नाहीत! हरिश्चंद्रच म्हणायचे! कुणी कुणाच्या दुःखातून काय घेऊन जाईल सांगता येत नाही. जुन्या शाळेतून हेडमास्तर घरी आले, सव्वीस जानेवारीला पोरांना सत्याचं महत्त्व सांगायला चला म्हणून. बापूंनी ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता. चिंटू भिया तेवढा रस्ता बदलून जाऊ लागला, आणि खरं तर बापूंना सगळ्यांत सोपं त्याच्याकडेच बघणं वाटत होतं, कारण तो तरी त्यांना हरिश्चंद्र म्हणत नव्हता.

ते धारला जाऊन त्या वकिलाला भेटले. ती कबुली परत घेता येईल का, असं विचारलं. वकिलाने चष्मा काढला. "मास्साब, कबूल आपने खुद किया था. अब किससे लडूँ?" ताई बाहेर रिक्षात बसून होती. बापूंचा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, आणि ताईने काही न विचारणं हे बापूंना सगळ्यांत जड गेलं.

देवश्रीला मुलगी झाली. श्रेयसने फोटो पाठवला, रोज एक पाठवत राहिला. लाल तोंडाची, मुठी वळलेली पोर. घरात तिला चिऊ म्हणू लागलेत, असं त्याने लिहिलं. देवश्री मात्र बोलली नाही. "झोपली आहे", "फीडिंग चाललंय", "नंतर करते म्हणाली". बापू म्हणायचे, "असू दे, असू दे. तिला झोपू दे." श्रेयस भला पोरगा होता. ताईने फोनवर सांगितलेली खीर तो करायचा, करपवायचा, पुन्हा करायचा. टाळूवर तेल कसं जिरवायचं ते बापूंनी त्याला शिकवलं. आपण शिकलेलं सगळं एका बोटाने पडद्यावर दाखवायचं आणि हात रिकामे ठेवायचे, हे बापूंनी मुकाट्याने केलं.

पोर महिन्याची होऊन गेली होती. एक दिवस सकाळी बापू देवपूजेला बसले होते. फोन वाजला. श्रेयसची ही वेळ नव्हती, तिकडे रात्र होती. पडद्यावर देवश्री. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, मांडीवर चिऊ. बापू ओल्या हातांनीच उठले.

"श्रेयस झोपलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला तुमच्याशी भांडायचंय, बापू."

"भांड."

"सगळे म्हणतात, केवढे तुझे वडील. ताईआत्याकडून कळलं, शाळेत बोलावलं होतं तुम्हाला. मीही सगळ्यांना हो हो म्हणते." तिने चिऊला मांडीवर नीट घेतलं. "पण मी तुम्हाला खरं बोलायला नव्हतं बोलावलं, बापू. माझ्याजवळ यायला बोलावलं होतं. तुम्ही तिथे उभे राहून ठरवलंत, की देवश्रीपेक्षा खरं मोठं. ठरवा. मला फक्त एवढं कळू दे, की तुम्ही तसं ठरवलंत."

बापू खुर्चीवर बसले. एवढ्या दिवसांत ज्याने त्याने त्यांना थोर ठरवलं होतं आणि त्यांनी कुणालाच धड उत्तर दिलं नव्हतं. देवळाबाहेर नमस्कार घेताना त्यांना चोरासारखं वाटायचं. पण लेकही तेच धरून बसली असेल, आणि तिच्यापाशी त्याचा अर्थ असा होत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"नाही ग," ते म्हणाले. "देवा, नाही ग बाळा. मी कसला खरं बोलतोय. तेवढा मोठा नाही मी. चिंटूने खोटं लिहिलं तेव्हा गप्प बसलोच होतो की."

"मग का म्हणालात हो?"

"मला वाटलं, कबूल केलं की सोडतात." बापू म्हणाले. "धारला सोडलं होतं. हो म्हणालो आणि दुपारी घरी होतो. तू उभी होतीस ना दाराशी. मला वाटलं, नाही म्हटलं तर हे विचारत बसतील, तुला उभं राहावं लागेल. म्हणून पटकन हो म्हणून टाकलं. दंड भरतो म्हणालो त्यांना. लवकर बाहेर यायचं होतं मला, बस."

देवश्रीचे ओठ हलले, आणि बापूंना वाटलं ती हसते आहे, तशी ती क्षणभर हसलीसुद्धा. मग तिने चिऊला बाजूला गादीवर ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. आवाज दाबला नाही. टाके दुखतात म्हणाली, दूध पुरत नाही म्हणाली, मला भीती वाटते बापू म्हणाली, ते पहिलं बाळ रोज आठवतं म्हणाली.

बापूंनी तिला गप्प केलं नाही. बाहेर भाजीवाली हाका मारत होती, देवापुढचं निरांजन विझून गेलं, पण ते जागचे उठले नाहीत. मधून मधून फक्त म्हणत राहिले, "हो ग राणी. बोल. मी इथेच आहे."